खारशेताचा हुंकार

फार वर्षांपूर्वी, गोऱ्याचं राज्य होतं तेव्हा, आपल्या खारशेताचा बांध फोडायचा हुकूम निघाला. खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि भाताच्या जागी मिठागरं करायची. अहो, गावाच्या तोंडचं पाणी पळालं!

गावात गुणाजी परब होते. वकील झालेले, मुंबईच्या कौन्सिलात निवडून गेलेले, तरी शिमग्याला देवळात गाऱ्हाणं घालायचे ते तेच. गाऱ्हाणं कसं असतं, ठाऊक आहे ना? एकानं गावाचं दुखणं देवाला सांगायचं आणि साऱ्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं. हा हुंकार चुकला तर गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही.

म्हणून तर हुकुमाविरुद्ध कौन्सिलात बोलायला निघाले, तेव्हा बोटीत पाय ठेवताना गुणाजींचा चेहरा उतरला. बायकोला म्हणाले, "थय माझ्या मागसून व्हय महाराजा कोण म्हणतलो?"

"आमी हयसून म्हणतलंव," सत्यभामाबाई म्हणाल्या. "तुमी फकस्त उभे ऱ्हवा."

बोलून गेल्या खऱ्या, पण गुणाजींची पाळी कधी येणार ते कुणाला ठाऊक? मग काय, सारा गाव देवळात उभा राहिला आणि म्हणत राहिला. घसे बसले, चुली पेटल्या नाहीत. पाण्याचा घोट घ्यायला कुणी थांबलं तरी जीव खालीवर व्हायचा. नेमके आत्ताच उभे असले तर?

तिकडे कौन्सिलात गुणाजी उठले आणि घोटून ठेवलेलं इंग्रजी घशातच आटलं. साहेब लोक हसू लागले. गुणाजींनी डोळे मिटले, हात जोडले आणि सरळ गाऱ्हाणंच घातलं. असं म्हणतात, भिंतींतून आवाज आला, "व्हय महाराजा!" खिडक्यांची तावदानं थरथरली. आणि शेवटी, हसू नका रे, खुद्द लाटसाहेबाच्या तोंडून निघून गेलं, "व्हय महाराजा!" बांध वाचला.

गुणाजी परत आले. शाळा काढली, पाणवठा सगळ्या जातींना खुला केला. पण पुढचं गाऱ्हाणं साऱ्या मुलखाचं होतं, स्वराज्याचं. सरकारनं त्यांना धरलं आणि बोटीत घालून नेलं. कुठल्या तुरुंगात नेलं, पुढं काय झालं, काही म्हणजे काही कळलं नाही. सत्यभामाबाई मात्र रोज तिन्हीसांजेला बांधावर उभ्या राहून, खाडीकडे तोंड करून हुंकार द्यायच्या. मरेपर्यंत दिला, असं म्हणतात.

स्वराज्य आलं, गुणाजी आले नाहीत. अजून आपल्याकडे कुणाचं पोर परीक्षेला बसलं, कुणी कोर्टाची पायरी चढलं, की घरची माणसं देवळात जाऊन म्हणत राहतात. आणि तिन्हीसांजेला या बांधावर जो असेल त्यानं थांबून हुंकार द्यायचाच. कुणी सांगावं, ते अजून कुठंतरी हात जोडून उभे असतील, आणि मागं कुणीच नसेल.

दिवस कलला बघा. उठा, म्हणा.