बिळाच्या तोंडाशी टिटवी

फार पूर्वी समुद्रकाठच्या केवड्याच्या बनात एक घूस राहायची. एकदा भयंकर वादळ येणार अशी हाकाटी झाली. घूस आपल्या ऐसपैस बिळात शिरली, तोच टिटवी पिल्लं घेऊन आली.

"घूसताई, पिल्लांना तरी आत घे गं!"

"जागाच नाही," म्हणत घुशीने पाठ फिरवली.

वादळ समुद्रातच वळलं. किनाऱ्यावर नुसता वारा सुटला, वाळू उडाली. घाबरत घाबरत घूस बाहेर आली आणि थबकलीच. टिटवी बिळाच्या तोंडाशी पंख पसरून बसली होती, पोटाखाली पिल्लं.

"तू अजून इथेच?"

"वाळूनं तुझं दार बुजत होतं, ताई. म्हणून आडवी बसले."

घुशीने वळून पाहिलं. मागे एवढं मोठं बीळ रिकामं होतं.