गट कोणता?

साखर कारखान्याच्या निवडणुकीत गावाचे दोन गट पडले. एका गटाचे पुढारी होते रंगराव इंगवले. त्यांच्या सुनेचं, शालनचं, बाळ पोटातच गेलं आणि तिचा रक्तस्राव थांबेना. तिचा रक्तगट ओ निगेटिव्ह, आणि रक्तपेढीत तसलं रक्त शिल्लक नव्हतं. रंगरावांची माणसं हात पुढे करून उभी राहिली, पण एकाचंही जुळेना. जुळलं ते हिंदुराव शेळक्यांचं. ते विरोधी गटाचे, तरी ऐकताच धावत आले होते.

रंगराव दवाखान्यातल्या खोलीच्या दारातच आडवे उभे राहिले. "त्या गटाचं रक्त माझ्या घराण्यात येणार नाही!"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तपासलंय, निर्धोक आहे. दुसऱ्या गटाचं चढवलं तर ती दगावेल."

"माझ्या गटातल्या कुणाचंही घ्या!"

खाटेवरून शालनचा क्षीण आवाज आला, "मामंजी, माझ्या गटात तुम्ही नाही, हिंदुरावकाका आहेत. माझ्या गटाच्या माणसाला आत येऊ द्या."

रंगरावांची मान खाली गेली. ते बाजूला सरले.

शालन वाचली. संध्याकाळी बाळाला माती द्यायला हिंदुरावही आले, तेव्हा त्यांना कुणी अडवलं नाही.