गोकर्ण की मुरुडेश्वर

"मग गोकर्ण की मुरुडेश्वर, ते सांगा ना जिजी!"

जिजी अंबाडीची भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भुसावळ सोडून मी कुठे गेले नाही त्याला किती वर्षं झाली. आणि तू मला समुद्र विचारतेस?"

"तुम्ही सगळा देश पायी फिरलात, म्हणून विचारते."

"तेव्हा बरं होतं. समुद्र लागला की कळायचं, आता पुढे चालता येणार नाही. मग वळायचं."

तापीच्या घाटावर दोन खोल्यांचा मठ आहे. तिथे जिजी एकट्याच राहतात. तरुणपणी घर सोडून साध्वी झाल्या, खूप चालल्या, पाय थकले तेव्हा इथे बसल्या. लोक त्यांच्याकडे मन कसं शांत होईल ते विचारायला येतात. मी रेल्वेचं तिकीट कुठलं काढू ते विचारायला गेले होते.

त्यात मी भूगोलाची शिक्षिका. भारताचा किनारा फळ्यावर न बघता काढते, खंबातच्या आखातासकट. इतकं येत असताना कुणाला विचारायला जाणं जरा लाजिरवाणंच.

"कोण कोण जाणार?" जिजींनी विचारलं.

"मी आणि मैथिली. दोघीच. दिवाळीच्या सुटीत येतेय ना ती."

मैथिली माझी मुलगी. अकरा वर्षांची. नाशिकला तिच्या बाबांकडे असते. शाळा तिकडे, आजी तिकडे, मांजर तिकडे. माझ्याकडे सुटी.

"तिला काय पाहिजे?"

"फोनवर विचारलं तर म्हणते, चालेल. गोकर्ण? चालेल. मुरुडेश्वर? चालेल. मी म्हटलं, की घरीच बसायचं? तेही चालेल."

"गुणाची आहे."

"नाही हो जिजी... ती पाहुणी आहे."

जिजींनी आता वर पाहिलं.

"माझ्या घरात फ्रिज उघडायच्या आधी विचारते. 'उघडू का, मम्मा?' जाताना पांघरुणाची घडी घालून ठेवते, उशीवर बरोबर मधोमध. लॉजवर उतरल्यासारखी. ती गेल्यावर मी ती घडी मोडतसुद्धा नाही कितीतरी दिवस."

...

"आणि समुद्र नाही आवडला तिला, तर?" जिजींनी विचारलं.

"तर पुढच्या सुटीत ती येणारच नाही."

हे मी पटकन बोलून गेले. बोलल्यावर माझं मलाच ऐकू आलं.

"मग मांजरालाही घेऊन ये म्हणावं," जिजी म्हणाल्या.

"चेष्टा नका ना करू."

"बरं, नाही करत. पुरीला का नाही नेत?"

"पुरीच्या लाटा केवढ्या असतात! पोर आहे ती."

"द्वारका?"

"तिथे पायऱ्यांवरून पाय घसरतात म्हणे."

"मग कोकण. आपलंच आहे."

"कोकणात काही ठिकाणी पाणी आत ओढतं, जिजी. मी सगळं वाचलंय."

"गोकर्ण?"

"खडक आहेत. पण दिसायला फार सुंदर."

"आणि ते दुसरं कुठलं म्हणालीस?"

"मुरुडेश्वर!" मला जोर आला. "तिथे एक खोली बघून ठेवलीय. गच्चीतून आख्खा समुद्र दिसतो. स्टेशनवरून रिक्षा मिळते. आणि गच्चीला कठडा आहे, चांगला छातीएवढा."

जिजींनी एक किडकं पान बाजूला टाकलं.

"पोरीला पोहता येत नाही वाटतं."

"येतं की! शाळेत पहिली येते. बाबांनी शिकवलंय तिला. पाण्यात सोडली की बाहेर यायचं नाव नाही."

"मग कठडा कुणाला?"

...

खाली नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं. मी ते ऐकत बसले. फार मन लावून ऐकण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"मला," मी म्हणाले.

जिजींनी पुढची जुडी ओढली.

"मला पाण्याची भीती वाटते. अगदी लहानपणापासून. बुडता बुडता वाचले, असंही काही नाही. तसं काही असतं तर निदान सांगायला बरं पडलं असतं. उगीचच वाटते. शॉवरखालीसुद्धा मी डोळे मिटत नाही."

"पोरीला माहीत आहे?"

"छे! मागच्या उन्हाळ्यात एका रिसॉर्टवर नेलं होतं तिला. तिथला तो पोहायचा तलाव. पाण्यातून हाका मारत होती, 'मम्मा, तू पण ये ना!' मी म्हटलं, तू पोह, मी फोटो काढते. दुसऱ्या दिवशीही तेच. मग नंतर तिनं हाक मारली नाही."

"फोटो कसे आलेत?"

"छान आलेत." मी जरा थांबले. "सगळ्यांत ती एकटीच आहे."

जिजींनी निवडलेली भाजी परातीत सारली.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? बाबा घर चालवतात, गाडी चालवतात, पोहायला शिकवतात. मी सुटीतली आई. निदान सुटीत तरी धीट नको का दिसायला? बाबा असे, आणि आई म्हणजे नुसती..."



"गच्ची," जिजी म्हणाल्या.

मी हसले. हसता हसता पदरानं डोळे पुसले. जिजींनी मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. कोपऱ्यातली कळशी उचलली आणि उठल्या.

"चल मास्तरीणबाई. झाडांना पाणी आणू."

"मी वरच थांबते."

मी नेहमीच वर थांबते. इतक्या वर्षांत कधी शेवटच्या पायरीपर्यंत गेले नाही. वर उभं राहून मी फार तर नदीची माहिती सांगू शकते.

जिजींनी हात पुढे केला.

"पायऱ्या निसरड्या झाल्यात गं. मला धर."

जिजी ऐंशीच्या पुढच्या. पण त्यांनी कुणाचा हात मागितलेला मी आजवर पाहिला नव्हता. कुणी भक्तानं काठी आणून दिली तर तिच्यावर दोडक्याचा वेल चढवतात.

मी हात धरला. हलका होता, वाळलेल्या शेंगेसारखा.

"इथे शेवाळ आहे, जिजी. थांबा. आता डावा पाय... सावकाश. घाई नाही आपल्याला. मी आहे ना."

त्या बोटं घट्ट करत होत्या. प्रत्येक पायरीला माझ्यावर रेलत होत्या. मी त्यांचा पाय बघत होते, पायरी बघत होते, पुन्हा त्यांचा पाय. दुसरं काही दिसतच नव्हतं मला. कुणी माझ्यावर असा भार टाकून कधी चाललं होतं, आठवेना. मैथिली चालायला शिकत होती तेव्हा बहुतेक.

"पोचलो," मी म्हणाले. "बघा, झालं की नाही?"

जिजींनी हात सोडला. लुगडं खोचलं, गुडघाभर पाण्यात शिरल्या, कळशी बुडवली, कमरेवर घेतली आणि माझ्या बाजूनं भराभर वर निघाल्या. अर्ध्या पायऱ्या चढून गेल्यासुद्धा.

मी तिथेच. पाणी माझ्या चपलांवरून जात होतं.

"जिजी! तुम्हाला येतं की एकटीला!"

"रोजच येते."

"मग मला धर कशाला म्हणालात?"

त्या वळल्या. कळशीतलं पाणी हिंदकळून त्यांच्या पायावर सांडलं.

"कसं वाटलं तुला?"

...

"बरं वाटलं," मी म्हणाले. "खूप बरं वाटलं, जिजी."

त्या पुढे निघून गेल्या.

मी पायऱ्या हातांनी चाचपत, जवळजवळ रांगत वर आले. एक म्हातारे गृहस्थ संध्या करत बसले होते, त्यांनी सभ्यपणे डोळे मिटून घेतले.

वर पोचले तेव्हा जिजी जास्वंदीला पाणी घालत होत्या. माझ्या साडीचा काठ चिखलात माखला होता. पण विचारायला आले होते ते विचारल्याशिवाय जाणारी मी नव्हे.

"मुरुडेश्वरची गच्ची नको, हे कळलं मला. पण मग तिकीट कुठलं काढू? गोकर्णचं?"

जिजींनी कळशी उपडी केली. शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबल्या.

"कुठलंही काढ. गाडी सुटू दे... मग पोरीला सांग, आईला पाण्याची भीती वाटते."