ठिबकत्या घड्याचा वसा

ऐका आसरामाय, तुमची कहाणी. आटपाट नगर राहिलं डोंगराच्या पलीकडे, आपली कहाणी अलीकडची, झऱ्याकाठच्या वाडीची. तिथं एक घर होतं. घरात सासू होती, भागाई तिचं नाव. सून होती, येसू तिचं नाव. मुलगा दूर देशी कामाला. घरात दाणा होता, दुभतं होतं, कशाची ददात नव्हती. पण पाळणा काही टिकत नव्हता. पहिलं लेकरू झालं, रांगायला लागलं, ढाळ लागले, गेलं. दुसरं झालं, पाऊल टाकायला लागलं, ढाळ लागले, गेलं. मग तिसरं झालं. काळाची नजर पडू नये म्हणून त्याचं नाव धोंडू ठेवलं. येसूचा जीव सारा त्याच्यात.

वाडी काय म्हणे? "झऱ्यातल्या आसरा लेकरं ओढतात." मग भागाई काय करी? झऱ्यावर चोळी वाही, हळदकुंकू वाही, दहीभात ठेवी. आणि त्याच झऱ्याच्या वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळीआड, सारी वाडी तांब्या घेऊन परसाकडेला बसे. खाली पूजा, वर हे! हसू नका बायांनो, आपल्यालाही कुठं सुचलं होतं?

एके दिवशी काय झालं? येसू धोंडूला कडेवर घेऊन पाण्याला गेली. काठावर एक म्हातारी बसलेली. लुगडं ओलं, केस ओले, पायाखालची वाळू मात्र कोरडी. येसूच्या अंगावर काटा आला. पोराला पदराआड घेतलं. म्हातारी म्हणाली, "झाकतेस कशाला ग? मीच ती आसरा. मी लेकरं नेत नाही. माझ्या डोक्यावर घाण करता, ती माझ्या अंगावरून खाली येते, तीच भरून नेता, तीच लेकरांना पाजता, आणि आळ माझ्यावर घेता!"

येसू पाया पडली. "बाई, चुकलो आम्ही. मला वसा सांग."

"सांगेन, पण तू लाजशील."

"लाजणार नाही."

"मग ऐक. तीन घडे घ्यावे, एकावर एक उतरंड रचावी. वरच्या दोघांच्या बुडाला बारीक भोक पाडावं. वरच्यात धुतलेली वाळू भरावी, मधल्यात कोळसा, खालचा रिकामा. पाणी वर ओतावं, खाली उतरू द्यावं. उतरलेलं पाणी खळखळा उकळावं, झाकून ठेवावं, ओगराळ्यानं काढावं, हात बुडवू नये. झऱ्यापासून दूर, खालच्या उताराला खड्डा खणावा, आडोसा करावा, तिथं बसावं, वर राख टाकावी, राखेनं हात धुवावे. आळसूं नको, लाजूं नको, घेतला वसा मोडूं नको."

एवढं बोलली आणि झऱ्यात पाऊल टाकलं. पाणी हललंसुद्धा नाही.

येसूनं घरी येऊन खालच्या उताराला खड्डा खणला, आडोसा केला, मग उतरंड रचली. गढूळ पाणी वर ओतलं आणि समोर बसून राहिली. मग एक थेंब पडला. मग दुसरा पडला. मग धार लागली. तिनं खाली ओंजळ धरली, तर पाण्यातून तळहाताच्या रेषा लख्ख दिसल्या. "अग बाई, हेच का ग ते पाणी!" म्हणाली, आणि तिला रडू आलं.

भागाईनं पाहिलं मात्र, कपाळावर हात मारला. "भोकाचा घडा घरात? अग, तो खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरतात! नांदत्या घरात ठेवतेस?"

"आत्याबाई, आसरामायनं सांगितलंय."

देवीचं नाव निघालं, भागाईनं घडे राहू दिले. पण धुसफुस काही थांबेना. इकडे धोंडू वाढला, चालला, बोलला, घरभर धावला.

मग त्याचं जावळ काढायचं ठरलं. येसूच्या माहेरची माणसं दारात आली. भागाईनं घाईघाईनं उतरंड उतरवली, गोठ्यात लपवली, आणि हंडा थेट झऱ्यावरून भरून ठेवला. येसूनं ते पाहिलं. बोलावं असं मनात आलं. पण माहेरची माणसं काय म्हणतील? येसू लाजली. वसा मोडला. पाहुणे ते पाणी प्याले, धोंडूही प्याला.

मग काय झालं? धोंडूला ढाळ लागले. डोळे खोल गेले, ओठ सुकले. रडला तरी डोळ्यांत टिपूस येईना. येसू धावत झऱ्यावर गेली. "बाई, मी लाजले ग!"

आतून आवाज आला, "आता तरी लाजूं नको. पाणी उकळ, निवव. तांब्याभर पाण्यात मूठभर साखर, चिमूटभर मीठ घाल. घोटघोट पाज. ओकला तरी पाज. हात थांबवूं नको."

येसू घरी आली, तर भागाई भर पाहुण्यांत उतरंड रचत होती. कुणाकडे बघत नव्हती. मग सुनेनं पाणी गाळलं, सासूनं उकळलं, दोघींनी आळीपाळीनं पाजलं. एक घोट दिला, ओकला. दुसरा दिला, ओकला. तिसरा दिला, पोटात राहिला. देता देता उन्हं कलली. मग धोंडू किरकिरला, ओठ काढून रडला, आणि गालावरून आसवाचा थेंब ओघळला. "डोळ्यांत पाणी आलं ग, आत्याबाई!" येसू ओरडली. लेकरू रडतंय म्हणून एवढा आनंद त्या घराला कधी झाला नव्हता.

पोर हिंडूफिरू लागलं तशी भागाई झऱ्यावर गेली. पदर पसरला. "माय, माझी आधीची दोन नातवंडं मला परत दे."

पाणी खळाळलं. "मी नेली असती तर दिली असती. मी पाणी ग बाई, मला उलटं वाहता येत नाही."

भागाई तिथंच बसली, पोटभर रडली. मग उठली. घरी गेली नाही. वाडीत दारोदार गेली आणि म्हणाली, "घडा आणा ग. भोक मी पाडते."

आसरामाय, जसं येसूचं लेकरू वाचलं, तशी तुमचीआमची वाचोत, रडोत, हसोत, म्हातारी होवोत. साठां घागरींची ही कहाणी पांचा ओंजळीं उतरली, निवळली, सुफळ झाली.