गेरूच्या रेघेवर हातभर

“हे नगर पुन्हा बुडणार, हे मला कळत नाही होय? पण आपल्या हयातीत नाही बुडायचं,” नगराची बांधकामे पाहणारा स्थपती नागदत्त आपल्या मुलाला, सिंहकाला, हळूच म्हणाला. पालापलीकडे तांदूळ धूत बसलेल्या त्याच्या नव्या सुनेने, उत्पलेने, ते ऐकले. तिचा हात पाण्यातच थांबला.

तेव्हा समुद्रकाठच्या वेलापट्टण नगरात राजा पुष्यरक्ष राज्य करीत होता आणि बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्मला होता. त्या वर्षी आश्विनात मोठे वादळ झाले. समुद्र नगरात शिरला आणि तिसऱ्या दिवशी मागे हटला, तेव्हा तीन घरांमागे एक उरले होते. वाचलेले लोक टेकडीवर पाले ठोकून राहिले.

वादळाला पंधरा दिवस झाले, नागदत्त मुलाशी ते बोलला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी राजाने टेकडीवर सगळ्यांची सभा बोलावली. नगर तिथेच पुन्हा बांधावे की नाही, एवढाच प्रश्न होता.

बोधिसत्त्व म्हणाला, “महाराज, बंदर खाली राहू द्या. घरं वर आणू.”

“म्हणजे रोज गुडघे फोडत वर-खाली करायचं!” एक व्यापारी कुरकुरला.

राजाने नागदत्ताकडे पाहिले. पूर ओसरला की पाण्याची खूण गेरूने रेघ ओढून राखायची आणि नवे जोते त्या रेघेवर हातभर चढवायचे, ही त्या नगराची रीत होती. नागदत्त म्हणाला, “रेघेवर हातभर घेऊ, महाराज. काही होत नाही.”

“मागच्या खेपेलाही हातभरच घेतलं होतं,” बोधिसत्त्व म्हणाला.

“अमात्यांना समुद्राची धास्ती बसलीय. त्यांना वर चार शेळ्या घेऊन द्या!” नागदत्त म्हणाला.

सभा खो खो हसली. पंधरा दिवसांत कुणी हसले नव्हते, त्यामुळे जरा जास्तच हसली.

बोधिसत्त्वाला राग आला नाही. तो म्हणाला, “कुणाला वेगळं काही ठाऊक असेल, तर आत्ताच सांगा.”

उत्पलेने तोंड उघडले. तेवढ्यात सासूबाई कुजबुजल्या, “पदर घसरलाय गं.” उत्पलेने पदर सावरला, आणि बोलायची वेळ निघून गेली.

नगर तिथेच उभे राहिले. बोधिसत्त्वाने राजाकडे एकच मागितले, टेकडीपर्यंत वाट खोदायची परवानगी. राजाने हसून दिली. दरबार सुटला की बोधिसत्त्व स्वतः कुदळ घेऊन जाई. एकेक पायरी खोदत त्याने वाट वर नेली, माथ्यावर धान्याची कोठारे बांधली. उत्पला पाणी भरताना रोज ते पाही. कधी एक घागर तिथे ठेवून येई, पण बोलत नसे.

नवव्या वर्षी समुद्र पुन्हा आला. रेघेवरून गेला, जोत्यांवरून गेला. लोक त्या वाटेने वर धावले. सिंहकाने म्हाताऱ्या बापाला पाठीवर घेऊन वर आणले आणि शेजाऱ्यांसाठी तो पुन्हा खाली उतरला. तो परत आला नाही.

पाणी ओसरल्यावर टेकडीवर राजाने तोच प्रश्न विचारला. “या खेपेला दोन हात घेऊ,” गर्दीतून कुणीतरी म्हणाले. सासूबाई ऊर बडवून म्हणाल्या, “असं होईल हे कुणाला ठाऊक होतं गं!”

उत्पला उठून उभी राहिली. सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, “मामंजींना ठाऊक होतं, सासूबाई. आणि मलाही.”

त्यानंतर कुणी दोन हातांची गोष्ट काढली नाही. घरे टेकडीवर बांधली गेली.

ही मागच्या जन्मीची गोष्ट सांगून झाली, तेव्हा शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्खूंकडे वळले. मग म्हणाले, “भिक्खूंनो, तो राजा म्हणजे आजचा भिक्खू आनंद. तो स्थपती म्हणजे आपल्या विहाराचं बांधकाम पाहणारा भिक्खू. ती सून म्हणजे मागच्या रांगेत बसलेली, अजून एकही प्रश्न न विचारलेली भिक्खुणी. आणि अमात्य मीच होतो. आपलं कुणी ऐकलं नाही, तरी त्यांच्यासाठी वाट खोदत राहणं ही करुणा. आणि ठाऊक असलेलं वेळेवर बोलणं हे सत्य. त्या नगरात पहिलं होतं, दुसरं नऊ वर्षं उशिरा आलं.”