प्लास्टरचा चेहरा

एकदा एक शिष्य आनंदाने जवळजवळ धावतच आपल्या वृद्ध गुरूंच्या दालनात आला. श्वासाबरोबर आत जाणारी बारीक धूळ मास्क किती अडवतो, हे तपासण्यात गुरूंची हयात गेली होती. जवळच्या दगडखाणीतील कामगारांसाठी शिष्याने स्वतः एक मास्क घडवला होता. गुरूंचा होकार मिळताच दुसऱ्या दिवसापासून तोच लावून ती माणसे दगड फोडणार होती.

"शंभरातले नव्व्याण्णव कण अडले, गुरुजी! यंत्रावर सात वेळा तपासले. डोळ्यांना न दिसणारेही सुटले नाहीत."

"कोणाच्या तोंडावर तपासलेस?"

शिष्याने प्लास्टरचे मुंडके पुढे केले. साचा त्याने आपल्याच चेहऱ्यावरून काढला होता. गाल भरलेले, नाक सरळ. स्वारीला आपल्या रूपाचा जरा अभिमानच होता.

गुरूंनी आकड्यांचा कागद वाचलाही नाही. त्यांनी खाणीतल्या दुर्गाप्पाला बोलावले, त्याला तो मास्क लावायला दिला, डोक्यावर पारदर्शक टोप चढवला आणि टोपाच्या भोकातून एका निरुपद्रवी पण अत्यंत कडू द्रावाचा फवारा आत सोडला; तो मास्कच्या आत शिरला तर जीभच सांगणार होती. एवढ्या महागड्या यंत्रानंतर हा कसला पोरखेळ, असे शिष्याला वाटले. पण दुर्गाप्पा शांत उभा राहिला, तेव्हा शिष्याच्या जिवात जीव आला.

"दुर्गाप्पा, सुरुंग उडवण्याआधी हाक देता ना? तशी द्या."

दुर्गाप्पाने मान वर केली आणि तो खच्चून ओरडला, "बाजूला व्हा रेऽऽ!" लगेच त्याने तोंड वेडेवाकडे केले. "जहर कडू लागायलंय की वो, गुरुजी!"

शिष्याचा चेहरा उतरला. "पण कापडात काही दोष नाही," तो पुटपुटला.

"मुळीच नाही. कापड उत्तम आहे," गुरू ठामपणे म्हणाले. "पण धुळीने कापडातूनच जावे, अशी तिच्यावर सक्ती नाही. गालापाशी केसाएवढी फट मिळाली तरी तिचे भागते. तुझे मुंडके हाक देत नाही, खोकत नाही, त्याचे गाल यांच्यासारखे बसलेले नाहीत. परीक्षा तू स्वतःच्या चेहऱ्याची घेतलीस आणि पणाला लावलास तो यांचा श्वास. यांचा धाकटा भाऊ याच धुळीने गेला आहे. तुला हा मास्क नीट जमेल, याची मला खात्री आहे. फक्त आधी माणूस बघ."

शिष्याला स्वतःची लाज वाटली. पण तो खचला नाही. त्याने स्टूल ओढले, मोजपट्टी घेतली.

"बसा, दुर्गाप्पा. तोंड उघडा. आता बोला काहीतरी."

दुर्गाप्पा संकोचला. "मास्क लई जणांनी वाटले, मास्तर. तोंड मोजायला कुणी आलं नव्हतं."

शिष्याने कपची लागून मोडलेल्या त्याच्या नाकापासून माप घ्यायला सुरुवात केली. "उद्या बाकीच्यांनाही घेऊन या," तो म्हणाला, "सगळ्यांना."