मुक्याचे तळे

जांभळीच्या खोऱ्यात येणारा पाहुणा आधी हे तळे पाहतो आणि मग काठावरचा हा चौकोनी दगड. दगड बसायला अगदी सोयीचा आहे, सावलीही आहे, पण त्यावर कुणी बसत नाही. गुराखी जमिनीवर टेकतील, धुणेवाल्या बाया ओले कपडे करवंदीच्या जाळीवर टाकतील, दगडाला हात लावणार नाहीत. वैशाखात पाणी उतरले की तळ्याच्या मधोमध एका दीपमाळेचा शेंडा वर येतो. तिथे तळवाडी होती.

दुसरी गोष्ट पाहुण्याला संध्याकाळी कळते, गावकी भरली की. गावकी म्हणजे सगळ्या गावाची बैठक. विषय काहीही असो, देवळाचा रंग असो की पाण्याची पाळी, आधी सगळे तळ्याकडे तोंड करून उभे राहतात आणि एकदा मोठ्याने ‘न्हाई’ म्हणतात. पाहुणे हसतात. शुभकार्याची सुरुवात नकाराने करणारे गाव म्हणून आमची थट्टाही पुष्कळ झाली आहे. हसणाऱ्याला हसू द्यावे आणि मग या दगडापाशी आणून सांगावे, अशी इथली रीत आहे.

फार जुनी गोष्ट. तेव्हा या खोऱ्याला राजा नव्हता, गावकी होती. त्या गावकीची एक चाल होती. एखादी गोष्ट पटली तर माणसाने खणखणीत ‘व्हय’ म्हणायचे. नाही पटली तर मान खाली घालून जमिनीकडे बघत गप्प राहायचे. तोंडावर नकार देणे म्हणजे समोरच्याचा अपमान, असे डोंगरातल्या माणसांना वाटे. एक जरी मान खाली दिसली तरी विषय तिथेच थांबे. कुणी त्या माणसावर रागावत नसे, का म्हणून विचारतही नसे. चुलीवर भात असावा तसा तो विषय मंद आचेवर राहू द्यायचा, आणि सगळ्यांची ‘व्हय’ जुळली की उतरवायचा.

घाटावर भानगावची गादी होती. तिच्याकडे घोडी होती, बाजारपेठ होती, मिठाचे तांडे होते. खोऱ्याकडे वाटा होत्या आणि वाटा राखणारी माणसे. दोघांना एकमेकांची गरज होती, म्हणून लढाई न होता खिंडीत बेल-भंडारा उचलून दोघे एक झाले, असे सांगतात. खोऱ्याने एकच अट घातली. राजाच्या प्रधानांत एक बैठक खोऱ्याच्या माणसाची असेल आणि तो हजर असल्याशिवाय खोऱ्याचा कुठलाही निर्णय होणार नाही. राजाने अट आनंदाने मान्य केली. इतक्या आनंदाने मान्य झालेली अट पुन्हा एकदा तपासून घ्यावी, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आले नाही.

पहिला खोरेप्रधान म्हणे राजाच्या उजव्या हाताला बसे. खोऱ्यातल्या बाया जात्यावर सांगत, आमचा माणूस राजाच्या मांडीला मांडी लावून बसतो. तो गेल्यावर दुसरा कोण हे गावकीने ठरवले, पण त्यानंतरचा भानगावने ठरवला. बैठकही सरकत गेली. उजव्या हाताची तिसऱ्या रांगेत आली, मग दाराजवळ, जोडे काढतात त्याच्या अलीकडे. प्रधानाला मात्र वाडा मिळाला, पालखी मिळाली. तो दसऱ्याला खोऱ्यात यायचा तो राजाचे हुकूम घेऊन. आम्ही आमचे तोंड राजाकडे पाठवले होते, ते हळूहळू आमच्याकडेच वळले. कुणाला दोष द्यावा? रोज ज्याच्या पंगतीला बसायचे त्याच्या चवीची सवय होतेच.

अशा त्या दाराजवळच्या बैठकीवर सटवाजी उंबरे आला. माणूस सरळ होता. त्याची बायको राही तळवाडीची, दीपमाळेशेजारच्या घरातली. भानगावच्या वाड्यात राहूनही ती चुलीत खोऱ्यातलेच लाकूड जाळायची. दुसऱ्या लाकडाच्या धुराने डोळे चुरचुरतात, असे तिचे म्हणणे.

सटवाजी दरबारात मन लावून ऐके आणि दर ठरावाला उठून मोठ्याने ‘व्हय’ म्हणे. बाकीचे प्रधान नुसते बसून असत, ठराव आपोआप पुढे सरकत. त्यामुळे त्याच्या ‘व्हय’ला दरबार गालात हसे. कुणी त्याला ‘घंटाप्रधान’ असेही नाव ठेवले होते. सटवाजीला त्याचे काही वाटत नसे. उलट त्याला बरे वाटे. हे लोक हसतात म्हणजे ऐकतात, आणि ज्या दिवशी आपली ‘व्हय’ येणार नाही त्या दिवशी यांच्या लक्षात येईल, असा त्याचा भाबडा हिशेब होता.

मग भानगावच्या विहिरी आटल्या. राजाच्या कारभाऱ्यांनी उपाय काढला. खोऱ्याची नदी जिथे दोन कड्यांमधून निघते तिथे बांध घालायचा आणि पाणी पाटाने भानगावला न्यायचे. तळवाडी पाण्याखाली जाणार होती. घरे, शेते, दीपमाळ, सगळे. ठराव वाचून झाला. राजाने विचारले, “कुणाला काही म्हणायचं आहे?”

 काय करायचे ते सटवाजीला ठाऊक होते. बापाने, आज्याने गावकीत केले तेच. त्याने मान खाली घातली, जमिनीवर नजर रोवली आणि एक शब्द काढला नाही. आयुष्यात इतक्या ठामपणे तो कधीच बोलला नव्हता.

दरबार उठला. सटवाजी धावतच घरी आला.

“थांबलं गं,” तो राहीला म्हणाला. “बांधाचं काढलं व्हतं. म्या गप ऱ्हायलो.”

राहीचा जीव भांड्यात पडला. तिने देवापुढे साखर ठेवली आणि तळवाडीला निरोप धाडला की काळजी करू नका, आपल्या माणसाने अडवलंय. तळवाडीने त्या वर्षी घरे नव्याने शाकारली. राहीच्या बापाने तर दारात आंब्याची दोन रोपे लावली. या रोपांचे सांगताना आमच्याकडची माणसे अजूनही जरा थांबतात.

पाऊस सरला आणि पाथरवट आले. पाठोपाठ बैलगाड्या, चुन्याच्या घाण्या, राहुट्या. सटवाजी तसाच राजापुढे जाऊन उभा राहिला. असे म्हणतात की राजा काही वाईट नव्हता. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“म्हाराज, म्या नकार दिला व्हता.”

“केव्हा? आम्ही तर ऐकला नाही.”

“म्या गप ऱ्हायलो व्हतो.”

राजाने इतर प्रधानांकडे पाहिले. या वेळी कुणी हसले नाही. “सटवाजी, इथे सगळे रोजच गप्प असतात,” राजा म्हणाला. “ज्याची हरकत असते तो बोलतो.”

 सटवाजीने विचारले, “आन बोललो असतो तर?”

राजाने प्रामाणिकपणे विचार केला. “तर आम्हाला वाईट वाटलं असतं,” तो म्हणाला. “बांध झालाच असता. भानगाव तहानेनं मरू द्यायचं का? तुम्हाला बैठक द्यायची असं खिंडीत ठरलं होतं. ती दिली. तुमचं मानायचं असं कुठे ठरलं होतं?”

सटवाजीने खांद्यावरची राजाची शाल काढली. 

ती त्याने बैठकीवर घडी करून ठेवली, राहीला घेतले आणि तो खिंड उतरून आला. बांध पुरा झाला आणि पुढच्या पावसात पाणी चढू लागले. तळवाडी वर निघाली. कुणाच्या डोक्यावर देव, कुणाच्या काखेत कोंबडी, कुणाच्या पाठीवर म्हातारी. वाट या दगडाजवळून जाते. सटवाजी दगडावर बसला होता. कुणीतरी आपल्याला शिव्या द्याव्यात, धोंडा उचलावा, म्हणून तो वाट पाहत होता.

तसे कुणी केले नाही. एकेक माणूस त्याच्यापुढे आला की क्षणभर थांबे, मान खाली घाली, जमिनीकडे बघे आणि गप्पपणे पुढे जाई. राहीचा बापही तसाच गेला. त्याच्या हातात मुळाला माती धरलेली ती दोन रोपे होती. भानगावच्या माणसाला वाटले असते की बिचारे मुकाट्याने चालले. सटवाजीला त्याचा अर्थ कळत होता. सबंध तळवाडीने त्याला नाकारले होते.

शेवटचा माणूस गेल्यावर तो उठला आणि पाण्याकडे तोंड करून ओरडला, “न्हाई!” पुन्हा ओरडला. पाणी उंबऱ्यांवरून आत गेले, तो ओरडत होता. पाणी दीपमाळेला लागले, तरी तो ओरडत होता. राहीने त्याचा हात धरून ओढले, पण तो हलला नाही. शेवटी त्याचा आवाजच गेला, तो मरेपर्यंत परत आला नाही. पाणी या दगडाच्या पायथ्याशी येऊन थांबले. त्याच्या हाकेने थांबले असे काही जण मानतात. बांधाची उंचीच तेवढी होती, हेही खरे.

भानगावने बैठक मोडली नाही. दिलेला शब्द पाळायचा होता ना! खोऱ्यातून कुणी जाईना, तेव्हा ती राजाच्या मेहुण्याला दिली. त्याने खोरे कधी पाहिले नाही. पुढे हत्तीखान्याच्या अधिकाऱ्याकडे जोडकाम म्हणून आली. हत्ती संपले तरी म्हणे बैठक होती. मग एक दिवस गादीच राहिली नाही, आणि तिच्याबरोबर बैठकही गेली.

तळवाडी बुडाल्यावरची पहिली गावकी याच काठावर भरली. विषय निघाला, न पटलेल्यांनी सवयीने माना खाली घातल्या. तेव्हा बायांच्या घोळक्यातून राही उठली. गावकीत बाई बोलत नसे.

“माना वर करा,” ती म्हणाली. “ज्याला नगं आसंल त्यानं तोंडानं न्हाई म्हना. आधी समद्यांनी म्हनून बघा, जमतंय का ते.”

जमले नाही. घशातून शब्द निघेना, एकमेकांच्या तोंडावर नकार द्यायची लाज वाटे. म्हणून राहीने सगळ्यांना तळ्याकडे तोंड करायला लावले. पाण्याची कसली लाज? मुका सटवाजीही उभा राहिला. त्याचे नुसते ओठ हलले.

आजही या खोऱ्यात लग्नाला उभी राहिलेली पोर गप्प असली तर अंतरपाट खाली येत नाही. आधी तिला तोंडाने विचारतात आणि तोंडानेच उत्तर घेतात. आजही त्या दगडावर कुणी बसत नाही. आणि आजही गावकी भरली की सगळे तळ्याकडे वळून ती एक हाक देतात. समोरच्या कड्यावरून ती परत येते आणि दीपमाळ बुडाली आहे तिथे कुठेतरी विरून जाते. पाण्याने तेव्हा ऐकले नाही, आजही ऐकत नाही. पण खोऱ्याने नाही म्हटलेच नव्हते, असे आता कुणाला म्हणता येणार नाही.